सव्वादोनशे फुटांचं घर आणि न आलेली बस

2025 च्या मे महिन्यातल्या 9 तारखेला मुंबईत दोन गोष्टी झाल्या. वांद्रे-कुर्ला संकुलापासून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतच्या भुयारी मेट्रोचं मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झालं. आणि त्याच दिवसापासून बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं पाच रुपयांचं दहा झालं. वातानुकूलित बसचं सहाचं बारा. निर्णय वेगवेगळ्या कचेऱ्यांतले, एकाचा दुसऱ्याशी कागदोपत्री काही संबंध नाही. पण या शहरात कुणाचा प्रवास सुखाचा करायचा आणि कुणाचा महाग, हे एकाच तारखेवर इतकं स्वच्छ लिहिलेलं क्वचित सापडतं.

पाच रुपये वाढले तर एवढं काय बिघडलं, असं विचारणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक हिशेब मांडतो. चेंबूरपलीकडे माहुलला राहणारी एक घरकामगार बाई धरा. कामं तिची घाटकोपरला, कारण पूर्वी घर तिकडे होतं. मध्ये बस बदलावी लागते. जाताना दोन तिकिटं, येताना दोन. जुन्या भाड्याने दिवसाचे वीस रुपये, महिन्याच्या सव्वीस खेपांचे 520. नव्या भाड्याने 1,040. चार घरची धुणीभांडी करून तिला आठ हजार मिळत असतील, तर त्यातला आठवा हिस्सा नुसता कामावर पोचण्यात गेला. नवराही बसने जाणारा असेल तर हा आकडा दुप्पट करा. पास स्वस्त पडतो, हे खरं. पण पासाचे पैसे महिन्याच्या तोंडावर एकरकमी मोजावे लागतात, आणि ज्या घरात दूधसुद्धा रोजच्या रोज पिशवीने येतं तिथे एकरकमी हजार रुपये म्हणजे काय असतं, हे पास काढणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं.

मग ती बाई करते काय? एक बस सोडते आणि तेवढं अंतर चालते.

मुंबईच्या वाहतुकीबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोकलची गर्दी येते. ती खरीच आहे. पण जागतिक बँकेच्या संशोधकांनी 2004 मध्ये मुंबईतल्या पाच हजार कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा कामावर जाणाऱ्यांत 44 टक्के माणसं पायी जाणारी निघाली. गरिबांमध्ये हे प्रमाण 63 टक्के होतं. लोकल हे प्रामुख्याने मधल्या उत्पन्नाच्या लोकांचं वाहन. सर्वांत गरीब माणूस चालतो, आणि वाहनात बसलाच तर बसमध्ये. पाहणी वीस वर्षांपूर्वीची आहे, आकडे थोडे हलले असतील. पण पहाटे कुर्ल्याच्या पुलावर किंवा सायन-धारावीच्या रस्त्याकडेला उभं राहिलं की चालणाऱ्यांची ती रांग आजही दिसते. डबा हातात, डोक्याला रुमाल, आणि पायांना असा वेग की बरोबरीने चालायचं तर आपल्याला धावावं लागेल.

या चालण्यामागे एक सौदा आहे. मुंबईतल्या गरीब माणसाने शहराशी तो फार पूर्वी केला. घर कसलंही चालेल, पत्र्याचं, ताडपत्रीचं, नाल्याकाठचं, रुळांलगतचं; पण काम चालत जाण्याच्या टप्प्यात हवं. चांगल्या घराच्या बदल्यात त्याने जवळीक घेतली. बाहेरून बघणाऱ्याला झोपडपट्टी म्हणजे अव्यवस्था वाटते. पण आतून तो चोख हिशेब असतो, कारण बसभाड्यात न गेलेला पैसा पोटात जातो.

हा हिशेब देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही वाचला होता. जुलै 1981 मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या पदपथांवर राहणाऱ्यांना उठवून त्यांच्या गावी परत पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. झोपड्या मोडल्या गेल्या, काहींना थेट गावच्या बसमध्ये बसवण्यात आलं. त्याविरुद्ध जी याचिका गेली ती पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखली जाते. 10 जुलै 1985 रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी त्यात मांडलेला युक्तिवाद आज कायद्याचे विद्यार्थी जगण्याच्या हक्काचा पाया म्हणून शिकतात. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हे त्यातलं प्रसिद्ध सूत्र. त्याच्या जवळच एक कमी प्रसिद्ध निरीक्षण आहे: ही माणसं कामाजवळचा पदपथ निवडतात, कारण येण्याजाण्यातला वेळ आणि खर्च त्यांच्या तुटपुंज्या मिळकतीला झेपणारा नसतो. निकाल शेवटी महापालिकेच्या बाजूने गेला, पदपथ मोकळे करायला न्यायालयाने परवानगी दिली. पण 1976 च्या गणनेत नाव असलेल्यांना मालाडच्या मालवणीत किंवा दुसऱ्या सोयीच्या ठिकाणी जागा द्यावी, आणि ते ठिकाण मालवणीहून लांब नसावं, असंही सांगितलं. म्हणजे पुनर्वसनात अंतराला मर्यादा असली पाहिजे, एवढी गोष्ट न्यायालयाला चाळीस वर्षांपूर्वी सुचली होती. त्यानंतर ती कुणाला सुचलेली दिसत नाही.

पुढची गोष्ट एमयूटीपीची. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प. लोकलचे नवे मार्ग टाकायचे, पूर्व-पश्चिम जोडरस्ते काढायचे, गर्दी कमी करायची, असा हेतू. 2002 मध्ये जागतिक बँकेने कर्ज मंजूर केलं. रुळांच्या कडेला आणि रस्त्यांच्या रेषेत हजारो झोपड्या होत्या. काही ठिकाणी रूळ आणि दार यांत हाताएवढं अंतर होतं, आणि गाडीला त्या पट्ट्यात वेग कमी करावा लागे. एक लाखाहून अधिक माणसं हलवायची होती. देशातल्या शहरांत इतकं मोठं स्थलांतर कुणी आखून केलं नव्हतं. जोकिन अर्पुथम यांचं नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, महिला मिलन आणि स्पार्क या संस्था त्यात उतरल्या. लोकांनी स्वतः घरं मोजली, याद्या केल्या, बचतगट केले. पोलीस आणि बुलडोझर न आणता वस्त्या हलल्या, याचं कौतुक जगभर झालं आणि ते रास्त होतं. प्रत्येक कुटुंबाला 225 चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं, मोफत. वाढीव प्रवासखर्चापोटी एकरकमी भरपाईची तरतूदही धोरणात होती.

घरं कुठे मिळाली? बरीचशी मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये, चेंबूरच्या वाशी नाक्याला. सगळी ठिकाणं एम-पूर्व विभागात. हा तोच विभाग, ज्याच्या पोटात 1927 पासून शहराचा कचरा येतो, जिथे कत्तलखाना आहे, आणि मुंबईच्या 2009 च्या मानव विकास अहवालात जो चोवीस विभागांत तळाला होता.

इथे मला थांबून एक गोष्ट ठळक करायची आहे. ही माणसं वाहतुकीसाठी उठवली गेली. गाड्या वेगाने जाव्यात, रस्ते रुंद व्हावेत म्हणून त्यांनी जागा सोडली. आणि जागा सोडून ती जिथे गेली, तिथून त्यांना वाहतूकच मिळेना. कुर्ल्याला रुळांकाठी राहणाऱ्याला दोन मिनिटांत फलाट गाठता येत होता. वाशी नाक्याच्या सातव्या मजल्यावरून त्याला आधी लिफ्ट चालू असण्याची प्रार्थना करायची, मग शेअर रिक्षा, मग स्टेशन, मग लोकल. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यावरच्या दुकानदारांनी व्यवसाय बुडाल्याच्या तक्रारी थेट जागतिक बँकेच्या तपास मंडळाकडे नेल्या. मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचे पैसे काही महिने रोखून धरले. तो रस्ता अखेर एप्रिल 2014 मध्ये खुला झाला. आज त्यावरून मोटार कुर्ल्याहून कलिन्याला झपाट्याने जाते. ज्यांच्या घरांवरून तो गेला त्यांच्यातल्या किती जणांना त्याचा उपयोग होतो, याची मोजदाद प्रकल्पाच्या कुठल्या रकान्यात बसत नाही.

शेअर रिक्षा हा या भागाचा खरा प्राण आहे. मानखुर्द, गोवंडी, चेंबूर, कुर्ला, कुठल्याही स्टेशनबाहेर बघा. मागे तीन आणि पुढे चालकाच्या मांडीला मांडी लावून चौथा. नियमात हे बसत नाही, पण हे नसतं तर हा विभाग दिवसातून दोनदा जागच्या जागी अडकला असता. बस वीस मिनिटांनी येईल की पन्नास, हे कुणी सांगू शकत नाही. रिक्षा भरली की सुटते. मात्र ती बसहून महाग, अंधार पडला की आणखी महाग, आणि बाईमाणसाला पुढच्या चौथ्या जागेवर बसता येत नाही. रात्री नऊनंतर स्टेशनवर उतरलेली बाई रिक्षात आणखी दोन बायका कधी येतात याची वाट बघत उभी असते. तिच्या त्या उभं राहण्याला वाहतुकीच्या कुठल्या आकडेवारीत प्रवासाचा वेळ म्हणून मोजतात?

आणि माहुल. मुंबईच्या पुनर्वसनाचा इतिहास लिहायचा झाला तर माहुलला वेगळं प्रकरण द्यावं लागेल. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला होता. त्यानुसार 2017 पासून घाटकोपर, विद्याविहार आणि आसपासच्या वस्त्या पाडल्या गेल्या आणि हजारो कुटुंबं माहुलच्या बहात्तर इमारतींत पाठवली गेली. शेजारी भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे तेलशुद्धीकरण कारखाने. हवेबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच ताशेरे मारले होते. माणसं आजारी पडू लागली, विद्याविहारला रस्त्याकडेला महिनोन्महिने आंदोलन चाललं, आणि सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरं घर द्या, नाहीतर महिना 15,000 रुपये भाडं द्या.

माहुलची चर्चा हवेपाशी सुरू होते आणि हवेपाशीच संपते. ते समजण्यासारखं आहे, श्वासाहून मोठं काय असणार? पण माहुलला गेलेल्यांचा संसार आधी मोडला तो अंतराने. जवळचं लोकल स्टेशन चालत जाण्याच्या टप्प्यात नाही. मुलांच्या शाळा घाटकोपर-विद्याविहारला राहिल्या. वर्षाच्या मध्यात शाळा बदलता येत नाही, आणि सातवीतल्या मुलीला दोन बस बदलून एकटीने पाठवायला आई धजावत नाही. मग एकतर आईने काम सोडून मुलीला न्यायचं-आणायचं, नाहीतर मुलीने शाळा सोडायची. दोन्ही गोष्टी घडल्या. घरकाम करणाऱ्या बायकांची जुनी घरं सुटली, कारण सकाळी सातला पोचणारी बाई साडेनऊला पोचू लागली, आणि मालकिणीला साडेनऊची बाई नको होती. अधूनमधून एखादा खाडा, मग महिन्याला पगारात कात्री, मग एक दिवस फोन येतो की दुसरी बाई लावली आहे.

पुस्तकी भाषेत याला सामाजिक बहिष्करण म्हणतात. प्रत्यक्षात ते फार गाजावाजा न करता होतं. कुणी दार बंद करत नाही, नाव काढून टाकत नाही. माणूस स्वतःच एकेक गोष्ट सोडत जातो. आधी लांबचं काम, मग बहिणीकडचं जाणं-येणं, मग सरकारी रुग्णालयातली पुढची तारीख, मग संध्याकाळचा शिवणक्लास. वाहतूक नियोजनाची यंत्रणा गर्दी मोजते: किती माणसं चढली, किती उतरली, तासाला किती. घरातून निघालीच नाहीत ती माणसं या मोजणीत कुठेच येत नाहीत. थांब्यावर गर्दी नाही म्हणून फेरी कमी करायची, फेरी कमी झाली म्हणून थांब्यावरची उरलीसुरली माणसं रिक्षाकडे वळायची, आणि मग मार्गच बंद करायचा. बेस्टचे कितीतरी मार्ग असे मेले.

माहुलच्या वाटेवर एक चमत्कार मात्र उभा आहे. मोनोरेल. फेब्रुवारी 2014 मध्ये चेंबूर ते वडाळा सुरू झाली, मार्च 2019 मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोचली. सुमारे वीस किलोमीटर, सतरा स्थानकं. मैसूर कॉलनी, भारत पेट्रोलियम, फर्टिलायझर टाउनशिप अशी तिच्या स्थानकांची नावं वाचली तर वाटावं, ही याच लोकांसाठी बांधली. पण गाड्या इतक्या कमी आणि दोन गाड्यांमधलं अंतर इतकं जास्त की वेळेवर कामाला जाणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये. 19 ऑगस्ट 2025 च्या मुसळधार पावसात मैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या दरम्यान ती अधांतरी अडकली आणि पाचशेहून अधिक प्रवाशांना शिड्या लावून उतरवावं लागलं. लोकल बंद पडली म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच तिला गर्दी झाली होती, आणि गर्दीचा भार तिला सोसला नाही. 20 सप्टेंबर 2025 पासून दुरुस्तीसाठी ती बंद ठेवण्यात आली. तेवढ्या पैशांत किती बस आल्या असत्या, हा प्रश्न विचारणाऱ्याला आपल्याकडे विकासविरोधी म्हणतात.

याच भागाच्या डोक्यावरून पूर्व मुक्त मार्ग जातो. जून 2013 पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला, जवळजवळ सतरा किलोमीटर, शिवाजी नगरच्या चौकापासून थेट दक्षिण मुंबई. मोटारीने अर्ध्या तासाच्या आत. दुचाकी आणि रिक्षाला बंदी. वांद्रे-वरळी सागरी सेतू 2009 चा, त्यावरही दुचाकी-रिक्षा नाही. जानेवारी 2024 मधला अटल सेतू, 21.8 किलोमीटर, तिथेही नाही. आणि तो खुला झाला तेव्हा मोटारीला एका फेरीचा पथकर 250 रुपये होता. मरीन ड्राइव्ह ते वरळीचा किनारी रस्ता मार्च 2024 पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला, खर्च तेरा हजार कोटींहून अधिक, पैसा महापालिकेचा, म्हणजे चाळीतल्याचाही आणि टॉवरमधल्याचाही. आखणी चालू असताना त्यावर बससाठी वेगळी मार्गिका ठेवण्याच्या गोष्टी होत्या. रस्ता झाला, मार्गिका विरली; जुलै 2024 मध्ये बेस्टची एक वातानुकूलित सेवा सुरू झाली. सुरक्षिततेसाठी दुचाकीला बंदी असेल तर ती समजू शकतो. पण मग ज्यांच्याकडे मोटार नाही अशा बहुसंख्यांना या रस्त्यांवर आणायचा एकच मार्ग उरतो, बस. आणि बसलाच आपण पाहुण्यासारखं वागवतो.

बेस्टबद्दल मुंबईकर हळवा असतो. त्या हळवेपणाने बेस्टचं नुकसानच जास्त केलं, कारण आठवणी काढणारे पुष्कळ आणि ताफा विचारणारे थोडे. 15 जुलै 1926 ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली. शंभर वर्षं पुरी होण्याची तारीख जुलै 2026 मधली. 7 ऑगस्ट 1947 ला कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली. वीज विभागाच्या नफ्यातून बसचा तोटा भरून काढायचा, असा वर्षानुवर्षांचा साधा व्यवहार होता. शहरातला वीज जाळणारा श्रीमंत बसमधल्या गरिबाचं तिकीट थोडंसं भरत होता. मला यात अन्याय कधी दिसला नाही. वीज नियामकांना आणि कायद्याला दिसला, आणि तो आधार तुटला.

2010 च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांहून जास्त बस होत्या. 2025 मध्ये भाडेतत्त्वावरच्या धरूनही तीन हजार भरत नव्हत्या. शहर मात्र उत्तरेला आणि पूर्वेला पसरतच गेलं. जुलै 2019 मध्ये किमान भाडं आठाचं पाच केलं, तेव्हा प्रवासी धावत परत आले. भाडं उतरवलं की माणसं येतात, हे सिद्ध झालं. त्या वेळी बस वाढवल्या असत्या तर आज चित्र वेगळं असतं. त्याऐवजी गाड्या, चालक, देखभाल सगळं खासगी कंत्राटदारांकडे सोपवण्याचा वेट लीजचा प्रयोग वाढत गेला. परवडत नाही म्हणून एकेका कंत्राटदाराने अंग काढून घेतलं आणि त्याच्या लहान बस रातोरात गायब झाल्या. त्या लहान बसच अरुंद रस्त्यांच्या वस्त्यांत शिरत असत. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्याच्या एस. जी. बर्वे मार्गावर भाडेतत्त्वावरच्या विजेच्या बसने सातहून अधिक माणसं चिरडली. चालकाला मोठी विजेची बस चालवण्याचं पुरेसं शिक्षण मिळालं होतं का, हा प्रश्न तपासात पुढे आला. दुसऱ्या दिवसापासून काही दिवस कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला बस येईनात आणि हजारो माणसं चालत होती. मेलेल्यांतलेही बरेच जण रस्त्याकडेने चालणारेच होते.

2025-26 चं महापालिकेचं अंदाजपत्रक 74,427 कोटी रुपयांचं होतं. त्यातून बेस्टला 1,000 कोटी. रक्कम लहान नाही, पण शेकड्याला दीडही नाही.

लोकलवर मी मुद्दाम कमी लिहितो आहे, तिच्यावर लिहिणारे खूप आहेत. एवढंच नोंदवतो की साध्या लोकलचं दुसऱ्या वर्गाचं किमान तिकीट आजही पाच रुपये आहे, आणि हे भारतातल्या सर्वांत मोठ्या समाजकल्याण योजनांपैकी एक आहे, तिला कुणी त्या नावाने ओळखत नसलं तरी. म्हणूनच साध्या गाडीची वेळ काढून तिथे वातानुकूलित गाडी घातली की माणसं रुळांवर उतरतात. ऑगस्ट 2022 मध्ये कळवा आणि बदलापूरला तेच झालं. थंड हवेला कुणाचा विरोध नव्हता. वेळेवरची आपली गाडी नाहीशी झाली, आणि तिच्या जागी आलेली कित्येक पट भाड्याची, हे दुखणं होतं. 9 जून 2025 ला दिवा-मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून गेलेल्या दोन गाड्यांच्या पायदानांवरची माणसं खाली पडली. किमान चार जण गेले. मुंब्र्यातली पुष्कळ कुटुंबं 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून जीव मुठीत घेऊन तिथे गेलेली. कुणी भीतीने लांब गेलं, कुणी सरकारी पत्राने, कुणी घरभाड्याने. दारात लटकण्याची पाळी तिघांवरही येते. उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, आणि आपण तो आकडा हवामानासारखा वाचतो.

कोविडच्या काळात या सगळ्याची चाचणीच झाली. मार्च 2020 मध्ये लोकल सर्वसामान्यांना बंद झाली. जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्यांना सुरू झाली, पण दुकानातला नोकर, घरकामगार, शिंपी हे अत्यावश्यक नव्हते. त्यांची भूक मात्र होती. 22 जुलै 2020 ला नालासोपाऱ्याला एसटी मिळेना म्हणून चिडलेली माणसं रुळांवर उतरली. आम्ही घरून काम करत होतो. हा अंक हातात घेणाऱ्यांतले बरेच जण तेव्हा घरूनच काम करत होते.

अहमदाबादचा एक अभ्यास इथे सांगायला हवा, कारण घर आणि अंतर यांचा इतका नेमका हिशेब दुसरा नाही. 1987 मध्ये ‘सेवा’ या कामगार संघटनेच्या सभासद बायकांसाठी घरांची सोडत निघाली. घरं चांगली, पण शहराच्या मध्यापासून बारा किलोमीटरवर. चौदा वर्षांनी शेरॉन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी शोध घेतला. घर लागलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश तिथे राहायलाच गेली नव्हती, आणखी जवळजवळ तेवढीच जाऊन परत आली होती. जी टिकली त्यांच्या मिळकतीत किंवा मुलांच्या शिक्षणात फरक पडलेला दिसला नाही. उलट ओळखीपाळखीची, अडीनडीला धावून येणारी माणसं दुरावली होती. फुकटात मिळालेलं पक्कं घर माणसं सोडतात तेव्हा ती वेडी असतात किंवा लबाड असतात, असं आपल्याकडे म्हणतात. ‘झोपडपट्टीवाले घर विकून पुन्हा झोपडीत येतात’ हे वाक्य प्रत्येक दिवाणखान्यात ऐकू येतं. ती माणसं घर विकून कामाची जवळीक परत विकत घेत असतात, इतका सरळ व्यवहार आहे तो.

मार्च 2023 पासून महाराष्ट्रात एसटीच्या बसमध्ये बायकांना निम्मं भाडं आहे. चांगला निर्णय. पण तो बेस्टला लागू नाही. म्हणजे मुंबईहून चिपळूणला माहेरी जाताना सवलत, आणि माहुलहून घाटकोपरला कामावर जाताना पूर्ण पैसे. दिल्लीत 2019 पासून, तमिळनाडूत 2021 पासून, कर्नाटकात 2023 पासून शहरातल्या साध्या सरकारी बसमध्ये बायका फुकट जातात. तिथल्या सरकारांना पैशांचं झाड सापडलेलं नाही. शहरातली बाई बाहेर पडली पाहिजे, हे त्यांनी खर्चाच्या बाजूला लिहिलं, इतकंच.

आता धारावी. सायन आणि माहीम या दोन स्टेशनांच्या मध्ये, मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे हाताशी असलेली ही वस्ती. कुंभार, चामड्याचे कारागीर, शिवणकाम करणारे, चकल्या-पापड लाटणाऱ्या बायका. यांतले पुष्कळ जण जिथे राहतात तिथेच किंवा चार गल्ल्या पलीकडे काम करतात. त्यांचा प्रवासखर्च शून्य आहे. पुनर्विकासात जे अपात्र ठरतील त्यांच्यासाठी भाड्याची घरं बांधायला 2024 मध्ये कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडची अडीचशे एकरांहून अधिक मिठागरं आणि देवनारच्या कचराभूमीची जागा पुढे करण्यात आली. कचराभूमीची जागा आरोग्याला योग्य की अयोग्य यावर वाद चालू आहे, तो व्हायलाच हवा. पण त्या घरांतून पहाटे साडेपाचला निघणाऱ्या माणसाला कुठली बस मिळेल, याचं उत्तर मी कुठल्या आराखड्यात शोधायचं? एमयूटीपीत निदान लोकांनी स्वतः आपली घरं मोजली होती.

मागण्या फार मोठ्या नाहीत. पुनर्वसनाची किल्ली देण्याआधी त्या इमारतीपासून जवळच्या स्टेशनापर्यंत पहाटे पाच ते रात्री बारा बस सुरू झालेली असावी, आणि तिची वारंवारता करारात लिहिलेली असावी. पहिली तीन वर्षं त्या घरातल्या प्रत्येकाला मोफत पास द्यावा. इमारत बांधायच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे. लहान बस परत आणाव्यात, बेस्टच्या मालकीच्या. आणि बेस्टचं भाडं वाढवण्याआधी ते कुणाच्या पगाराचा कितवा हिस्सा खातं, हे छापून जाहीर करावं.

पण हे सांगायचं कुणाला? मुंबई महापालिकेत 7 मार्च 2022 नंतर 2025 अखेरपर्यंत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. पूर्वी भाडेवाढ बेस्ट समितीत आणि सभागृहात यायची. आरडाओरडा व्हायचा, कधी ती अडायची, कधी कमी व्हायची. मे 2025 मधली वाढ प्रशासकाच्या सहीने झाली. सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका 31 जानेवारी 2026 पर्यंत उरकायला सांगितल्या होत्या. पुढच्या वेळीही उमेदवार मतं मागायला तुमच्या दारात येतील. मेट्रोबद्दल, किनारी रस्त्याबद्दल ते न विचारताही बोलतील. तुम्ही त्यांना एवढंच विचारा: आपल्या प्रभागात सध्या बेस्टच्या किती बस येतात, शेवटची किती वाजता सुटते, आणि तुम्ही निवडून आलात तर त्या किती होतील? आकडा सांगितला तर लिहून ठेवा.